टोचा पडल्यानंतरचे चोवीस तास

आजचा विषय लहान आहे, अक्षरशः तीस-पस्तीस ग्रॅमचा. अंड्याला आतून टोचा पडलाय, पिल्लू आत चिवचिवतंय, पण तासन्‌तास पुढे काही होत नाही. कवच फोडून त्याला बाहेर काढावं, की हात मागे ठेवावा? बडोद्यापासून बेळगावपर्यंत, परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी रात्री दोन वाजता पडतोच.

व्याख्यानांमधून एक फुलपाखराची गोष्ट नेहमी सांगतात. कुणी दया येऊन कोश कापला आणि फुलपाखराचे पंख कायमचे दुबळे राहिले. टाळ्या मिळतात त्या गोष्टीला. पण ती कोंबडीच्या अंड्याला जशीच्या तशी लावू नका. पिल्लू अडकतं ते दरवेळी दुबळं असतं म्हणून नव्हे, पुष्कळदा कारण आपल्या यंत्रात असतं. आणि घाईने कवच सोललं तर बिघडतो तो त्याचा स्वभाव नव्हे. त्याचं रक्त जातं. म्हणून आत काय चाललंय ते आधी पाहू.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत उबतं. अठराव्या दिवसापर्यंत आपण अंडी फिरवतो, नंतर फिरवणं बंद करतो आणि यंत्रातली आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवरून ६५-७० पर्यंत नेतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा भोसकतं आणि अंड्याच्या जाड टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं. हा त्याचा पहिला श्वास. तोपर्यंत कवचाला आतून चिकटलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं त्याच्यासाठी श्वास घेत असतं, कवचाच्या बारीक छिद्रांमधून. पोकळीतली हवा लवकरच अपुरी पडते, कर्बवायू वाढतो, मानेमागचा स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीच्या टोकावरचा टणक दाणा कवचावर आपटतो. बाहेरून आपल्याला टवका दिसतो.

यानंतर पिल्लू थांबतं. बारा तास, अठरा तास, कधी पूर्ण चोवीस. माणसाचा धीर सुटतो तो इथे. बाहेरून वाटतं, दमलं बिचारं. आत मात्र फौजेत ज्याला आम्ही हँडिंग-टेकिंग म्हणतो, ते चालू असतं. श्वासाचं काम फुप्फुसं ताब्यात घेतात, जाळ्यातलं रक्त हळूहळू शरीरात परततं, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. हे पुरं झालं की पिल्लू गोल फिरत कवच कापतं, टोपण ढकलतं आणि साधारण तासा-दोन तासांत बाहेर पडतं. मधेच आपण कवच सोललं तर भरलेल्या रक्तवाहिन्या फाटतात. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? चार थेंबही त्याला जड जातात.

पहाऱ्यावरच्या नव्या जवानाला गोळी झाडणं शिकवता येतं, काहीही न करता उभं राहणं शिकवायला वेळ लागतो. असो.

काही जण म्हणतात, खुडूक कोंबडी कुठे मदत करते? खरं आहे. ती कवच फोडत नाही. एक-दोन दिवसांत निघालेली पिल्लं घेऊन ती रवण सोडते, मागे राहिलेली अंडी थंड पडतात. पण कोंबडीच्या पोटाखाली ऊब आणि ओल टिकून असते, तिला कुणी दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघत नाही. यंत्राचं तसं नाही. मी महूला राहतो, आमच्या बाजूला कडकनाथ पाळतात. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुष्कळ घरांत लहान यंत्रं आली, कारण कडकनाथ कोंबडी रवणीला फारशी बसत नाही. झाकण उघडलं की ओल निघून जाते, टोचा पडलेल्या अंड्यातला पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला आवळून बसतो. असं पिल्लू धडधाकट असूनही हलू शकत नाही.

गेल्या थंडीत जवळच्या गावातून बचत गटातल्या एका बाईंचा फोन आला, पहाटेच्या सुमारास. तीस अंडी घातली होती, गटाच्या कर्जातून. सतरा पिल्लं निघाली, पाच अंड्यांना टोचा होता आणि काम अडलं होतं. निघालेलं प्रत्येक पिल्लू लगेच बाहेर काढायला त्यांनी झाकण उघडलं होतं. त्याची गरज नसते. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून गावोगाव पाठवता येतात. पण त्या वेळी हे ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी तीन गोष्टी विचारल्या. टोचा कधी पडला? जाड टोकाला की निमुळत्या? आणि भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा, ओलसर आहे की कागदासारखा पिवळा-तपकिरी?

तीन अंड्यांना पंधरा तासही झाले नव्हते, पापुद्रा पांढरा. झाकण लावा, म्हटलं, आत कोमट पाण्याची वाटी ठेवा आणि झोपा. एकाला सव्वीस तास झाले होते आणि पापुद्रा वाळून चिकटला होता. त्याला मदत करायची. पाचव्याचा टोचा निमुळत्या टोकाला, म्हणजे हवेच्या पोकळीच्या उलट बाजूला. तिथे भोक किंचित मोठं करून चोच मोकळी ठेवायची आणि थांबायचं.

मदत म्हणजे काय, ते नीट ऐका. खोली गरम हवी, वारा नको. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पापुद्रा ओला करा. खोबरेल तेलही चालतं, फक्त नाकपुड्यांवर जाऊ देऊ नका. ओल्या पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या तर तिथेच थांबा, अंडं परत यंत्रात, चार-सहा तास हात लावायचा नाही. रेषा नसतील तर जाड टोकाकडून कवचाचे कण एक-एक करून काढा. डोकं मोकळं झालं की तुमचं काम संपलं. उरलेल्या कवचातून पिल्लाला स्वतः लाथ मारून निघू द्या, कारण बेंबी मिटली आहे की नाही हे तुम्हाला दिसत नसतं. ओढून काढू नका.

सव्वीस तासांचं पिल्लू वाचलं. निमुळत्या टोकाचं निघालं, पण बलक पोटाबाहेर होता, संध्याकाळपर्यंत गेलं. थांबायला सांगितलेल्या तिघांपैकी दोन दुपारी आपणहून निघाली. तिसरं कवचातच मेलं.

बाईंनी विचारलं, "बाबूजी, ते फोडलं असतं तर?" मी म्हटलं, सांगता येत नाही. पंधरा तासांना, पांढरा पापुद्रा बघून, मी आजही थांबाच म्हणेन. त्या वेळी तिन्ही अंडी सारखीच दिसत होती, आणि तिन्ही फोडली असती तर त्या दोघांचंही रक्त गेलं असतं, अशी शक्यता मोठी. त्या गप्प राहिल्या. त्यांना हे पटलं असं मी म्हणणार नाही.

हात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घरात ठरवून घ्या, मुलं असतील तर त्यांच्यासमोर. सोडवलेलं पिल्लू तिसऱ्या दिवशीही उभं राहिलं नाही तर पुढे काय? पाय फाकले असतील तर दोन्ही पायांना मधे अंतर ठेवून चिकटपट्टी बांधता येते, बरीचशी पिल्लं काही दिवसांत सरळ होतात. पण मान टाकलेलं, पाणीही न पिणारं पिल्लू हळूहळू मरत राहतं. ते कोण बघणार, आणि त्याची सुटका कोण करणार? मोठ्या हॅचरीत हा प्रश्नच येत नाही. तिथे ठरल्या वेळी ट्रे बाहेर येतात आणि न उबलेली अंडी नष्ट करतात. हजारो अंड्यांच्या हिशेबात ते बसतं, तीस अंड्यांच्या घरात बसत नाही.

वाचलेल्या त्या पिल्लाच्या पायात बाईंनी लाल दोरा बांधला होता. तलंग झाली, आता अंडी देते. तिची अंडी उबवायला घालावीत का, यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, पापुद्रा यंत्रामुळे वाळला, तिच्या रक्तात खोट नाही, खुशाल घाला. बाई ऐकून घेतात आणि लाल दोऱ्याची अंडी वेगळ्या टोपलीत घालून बाजारात विकतात.