पाहुण्यांचे घर आणि त्याचे संकेतस्थळ



घरगुती निवासाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना हा विषय ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, ही तर कारागिराच्या दुकानातली गोष्ट. ती व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला? त्याचे कारण प्रथम सांगतो. दिवस सुट्टीचे आहेत. या सभागृहातील कित्येक कुटुंबे येत्या पंधरवड्यात समुद्राकाठी चार दिवस काढतील, आणि त्यांतील बरीचशी हॉटेलात न उतरता कुणाच्या तरी राहत्या घरी उतरतील. उलट, आपल्यापैकी काहींची गावाकडची घरे आज अशीच पाहुण्यांसाठी उघडली गेली असतील. म्हणजे या व्यवहारात आपण सारे कोठल्या ना कोठल्या बाजूला उभे आहोत. ज्या पानावर हा व्यवहार ठरतो ते पान कसे असावे, हा म्हणूनच आपणां सर्वांच्या विचाराचा विषय आहे.

बोलणे हवेत राहू नये यासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू. ते मालवण तालुक्यात, तारकर्लीच्या बाजूला आहे असे समजा. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे खळे, मागे माडांची बाग आणि बागेच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. घरात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात. हे घर कल्पनेतले आहे. परंतु त्या किनाऱ्यावर फिरलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटावे.

अशी घरे पाहुण्यांसाठी उघडली कशी, ते थोडक्यात पाहू. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा सबंध मार्ग वाहतुकीस खुला झाला, आणि रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने ‘निवास व न्याहरी’ योजना आखून राहत्या घरांना मान्यता देण्याची सोय केली. याच सुमारास आपल्या देशात इंटरनेटही येत होते. सर्वसामान्य माणसाला ते १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातील संशोधनसंस्थेत रचलेले विश्वजालाचे तंत्र त्या संस्थेने १९९३ साली कोणताही मोबदला न मागता जगाला खुले केले होते. त्यामुळे तारकर्लीच्या घरालाही, कुणाची परवानगी न घेता, जगाच्या रस्त्यावर आपला दरवाजा उघडता येऊ लागला. माझ्या सगळ्या बोलण्याला या गोष्टीचा आधार आहे.

पुढे पुष्कळ घरांनी ओळखीच्या मुलाकडून संकेतस्थळे करून घेतली. हलणाऱ्या लाटा, बासरीचे सूर, ‘निसर्गाच्या कुशीत आपले स्वागत’ अशी सरकती अक्षरे. ती हौसेने केलेली होती. तिला हसण्याचे कारण नाही. पण काळ पुढे गेला. त्या हलत्या चित्रांपैकी पुष्कळशी ज्या फ्लॅश नावाच्या तंत्राने चालत, ते तंत्र तिच्या कंपनीने २०२० च्या अखेरीस बंद केले. लाटांच्या जागी कोरा चौकोन उरला. २०१८ च्या जुलैपासून गूगलच्या क्रोमने, मजकूर गुप्त राखून पाठवण्याची सोय नसलेल्या प्रत्येक स्थळापुढे ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारण्यास सुरुवात केली. आणि मोठ्या पडद्यासाठी बेतलेले पान आता बहुतेक माणसे हातातल्या फोनवर उघडतात. तेथे अक्षरे मुंगीएवढी दिसतात. तेव्हा दुरुस्ती हवी, याविषयी दुमत नाही. कोणती हवी, हा प्रश्न आहे.

मधल्या काळात आरक्षणाच्या मध्यस्थ कंपन्या आल्या. बुकिंग डॉट कॉम ही १९९६ साली, तर एअरबीएनबी ही २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाली. त्यांच्याविषयी बोलताना न्यायाने बोलले पाहिजे. परक्या माणसाला परक्या घराविषयी भरवसा देणे, पैसे सुरक्षित पोहोचवणे, आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय मांडणे, ही कामे त्या करतात आणि त्याचा मोबदला घेतात. प्रश्न मोबदल्याचा आणि अवलंबनाचा आहे. हिशेबापुरते असे धरा की, आपल्या घराच्या दोन खोल्या वर्षातल्या साठ-साठ रात्री मध्यस्थांमार्फत गेल्या, आणि रात्रीचे भाडे ३,००० रुपये. एकूण ३,६०,००० रुपये झाले. शंभरामागे १५ रुपये दलाली धरली, तर ५४,००० रुपये गेले. तेवढ्यात कौले शेकारून आणि न्हाणीघराची डागडुजी करूनही चार पैसे उरतील. शिवाय पाहुण्याचा पत्ता मध्यस्थाजवळ राहतो. तो पुन्हा येऊ इच्छितो तेव्हा घर आठवत नाही, कंपनीचे नाव आठवते. आणि यादीत आपल्या घराच्या खाली-वर पन्नास घरे असतात.

यावर काहीजण म्हणतील, मग स्वतःच्या स्थळाचा खटाटोप कशाला? लोक शोधतात तेथेच उभे राहावे. या म्हणण्यात तथ्य आहे. नव्या पाहुण्याची पहिली भेट मध्यस्थाच्या दारी होणार, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरी भेट, आणि त्या पाहुण्याने आपल्या मेहुण्याला दिलेला पत्ता, हे आपल्याच दारी यावेत, एवढी सोय तरी घराने ठेवावी. बाजारात माल विकणारा शेतकरीसुद्धा स्वतःच्या घराचे दार बंद करून घेत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘संकेतस्थळ’ हा शब्द आपण इंग्रजी शब्दाला पर्याय म्हणून घेतला. पण तो आपल्या भाषेत जुनाच आहे. जुन्या काव्यात दोन प्रेमिकांनी भेटण्यासाठी ठरवलेली जागा म्हणजे संकेतस्थळ. संकेत म्हणजे आपसांत ठरलेली गोष्ट, एका अर्थी दिलेला शब्द. मला वाटते, घरगुती निवासाच्या बाबतीत हा अर्थ अक्षरशः खरा आहे. त्या पानावरची प्रत्येक ओळ हे घराने परक्या माणसाला दिलेले वचन असते, आणि ते घरातल्याच माणसांना आपल्या हातांनी पुरे करावे लागते. म्हणून पुनर्रचनेचा पहिला प्रश्न, पान सुंदर कसे दिसेल, हा नव्हे. आपण काय काय पाळू शकतो, हा पहिला प्रश्न आहे.

हे पटवून घ्यावयाचे तर चुलीपाशी जावे लागेल. समजा, पानावर एक ओळ घातली: ‘घरगुती मालवणी जेवण, केव्हाही.’ लिहिणाऱ्याला ती अर्ध्या मिनिटाचे काम. पण ‘केव्हाही’ या शब्दाचा अर्थ असा की, रात्री साडेदहाला उशिराने पोहोचलेल्या पाच माणसांसाठी सुनेने पुन्हा भाकऱ्या थापावयाच्या, आणि पहाटे उठून घावणे घालावयाचे. मोठ्या हॉटेलात अशी ओळ लिहिली तर तिच्यामागे पाळीने काम करणारे नोकर असतात. येथे तीच ओळ एकाच बाईच्या अंगावर पडते, आणि बहुतेक वेळा ती ओळ लिहिताना तिला कोणी विचारलेले नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘रात्रीचे जेवण साडेआठ ते साडेनऊ. मासे हवे असल्यास सकाळी सांगावे. त्या दिवशी बाजारात जे ताजे मिळेल ते करू.’ याने गिऱ्हाईक तुटत नाही. उलट, ताजे म्हणजे खरोखर ताजे, हे त्याला कळते. पानाचा मसुदा माजघरात सर्वांसमक्ष वाचावा, आणि ज्या कामाची ओळ असेल ते काम करणाऱ्या माणसाची संमती घेतल्यावाचून ती ठेवू नये. पुनर्रचनेचा हा पहिला नियम मी सांगेन.

दुसरा नियम असा की, कारागिराला बोलावण्यापूर्वी फोनजवळ एक वही ठेवावी. एक हंगामभर पाहुणे फोनवर काय विचारतात, ते तीत टिपावे. बहुधा तेच ते प्रश्न निघतात: समुद्र पायी किती दूर? संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे का? आजोबांना पायऱ्या किती चढाव्या लागतील? गाडी दारापर्यंत येते का? कुडाळ स्थानकावरून कसे यावे? एकूण खर्च किती? जुन्या पानांवर स्वागताचे दोन परिच्छेद असतात आणि यांतल्या एकाचेही उत्तर नसते. वहीतील प्रश्नांची क्रमवार उत्तरे, हाच नव्या पानाचा आराखडा. ‘समुद्रालगत’ असे न लिहिता ‘पाणंदीने चालत सात मिनिटे’ असे लिहावे. पायऱ्या असतील तर मोजून आकडा द्यावा.

तिसरा नियम उणे बाजूचा आहे. जे नाही, ते स्पष्ट सांगावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते. तर जुलैच्या पाहुण्याला ते आधी कळावे. त्याच पानावर पावसातली शेते, भरलेले व्हाळ आणि ओटीवरची निवांत दुपार यांचेही खरे वर्णन करावे. ते वाचून जो येईल, तो पावसासाठीच येईल. छायाचित्रांचेही असेच आहे. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून, तिचे दालन वाटेल असे टिपलेले चित्र पहिल्याच पावलाला खोटे ठरते, आणि मग पाहुणा उरलेल्या चांगल्या गोष्टींकडेही संशयाने पाहतो.

किमतीबाबत तर आता कायद्याचीही दृष्टी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांची यादी देऊन त्यांस मनाई केली. ‘आता एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई करणे आणि आधी कमी भाव दाखवून शेवटी आकार वाढवीत जाणे, हे त्यांतले दोन. दोन खोल्यांच्या घराला असल्या युक्त्या शोभत नाहीत. माणशी जेवण, जादा गादी, गाडी ठेवणे, सारे धरून दोन रात्रींना एका कुटुंबाला किती पडेल, याचे एक उदाहरणच मांडून ठेवावे.

आता कारागिरीच्या काही गोष्टी. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज ४ एमबीचे असते. अशी वीस चित्रे तशीच चढवली तर ८० एमबी झाले. पाहुणा घाटात असेल आणि सेकंदाला एक मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर ती सारी उतरायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढा कोणी थांबत नाही. तीच चित्रे लहान करून प्रत्येकी १५० केबीची केली, तर काम सुमारे २४ सेकंदांत होते, आणि फोनच्या पडद्यावर फरक क्वचितच जाणवतो. फोन नंबर, पत्ता आणि भाडे ही चित्रात न घालता साध्या अक्षरांत लिहावी. म्हणजे ती आधी उमटतात, शोधयंत्राला सापडतात, आणि अंध माणसाच्या फोनला वाचूनही दाखवता येतात. पान मराठीतही असावे. डोमेनचे नावसुद्धा २०१४ पासून देवनागरीत, ‘डॉट भारत’ असे घेता येते.

हे डोमेन कुणाच्या नावावर आहे, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष असते. ते कारागिराने स्वतःच्या नावावर घेतले आणि पुढे तो दुसऱ्या धंद्यात गेला, तर वर्षानुवर्षे पाहुण्यांना दिलेला पत्ता हातचा जातो. घराच्या सातबाराची जशी काळजी घेतो, तशी या नोंदणीची घ्यावी. ती कुटुंबातील माणसाच्या नावाने असावी, परवलीचा शब्द दोघांना ठाऊक असावा, आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलेली असावी. तसेच, मध्यस्थाकडे आणि आपल्या पानावर असे दोन्हीकडे आरक्षण घेत असल्यास, दोहोंच्या तारखा आपोआप जुळवण्याची सोय करून घ्यावी, आणि तरीही रोज एकवेळ डोळ्यांखालून घालावी. एकाच खोलीसाठी दोन कुटुंबे दारात उभी राहिली, तर कितीही सुंदर पान त्या वेळी उपयोगी पडत नाही.

ही सारी कामे सांभाळायची कोणी? आपल्या कल्पनेतल्या घरात कॉलेजात शिकणारी नात आहे. घराच्या पानाचे काम तिच्याकडे जावे, पण ते ‘फावल्या वेळचे’ म्हणून नव्हे. महिन्याचे ठरावीक तास आणि त्याचा मोबदला तिला द्यावा; वाचलेल्या दलालीतून तो सहज निघेल. गावातल्या तरुण पिढीने गावात राहावे असे आपण सभासभांतून म्हणतो. त्यांच्या शिक्षणाला घरातच काम आहे, आणि त्या कामाला किंमत आहे, हे दिसल्याखेरीज ती राहणार नाही.

शेवटी आपणां शहरवासी श्रोत्यांना एक विनंती. वचन दोन्ही बाजूंनी असते. घराने जेवणाची वेळ लिहिली असेल तर ती पाळा. उशीर होणार असेल तर वाटेतून फोन करा. घर आवडले तर जाताना त्यांचा स्वतःचा पत्ता मागून घ्या, आणि पुढल्या खेपेस थेट तेथेच कळवा. काही उणे दिसले, तर चव्हाट्यावर लिहिण्यापूर्वी ओटीवर बसून यजमानांना सांगा. आपण एका रात्रीचे भाडे देतो; त्यात खोली, वीज आणि पाणी येते. आपल्यासाठी कुणी दार उघडून ठेवते, त्याची परतफेड आपल्या वागण्यातूनच करावी लागते.