कोयत्याच्या बाळंतपणाचा कायदा



मघाशी चहाच्या वेळी एलएल.एम.ची मुलं म्हणाली, "मॅडम, प्रबंधाला एखादा विषय सुचवा." तेव्हा मला तिरुक्करुगावूर आठवलं.

कुंभकोणमजवळचं हे गाव. तमिळमध्ये 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणं, 'ऊर' म्हणजे गाव. तिथे गर्भरक्षांबिकेचं देऊळ आहे. गेल्या वर्षी माझ्या गरोदर भाचीला घेऊन गेले होते. प्रसाद म्हणून एरंडेलाची लहानशी बाटली मिळाली. कळा सुरू झाल्या की ते पोटावर चोळायचं. भाचीने ती बाटली परतीच्या वाटेत हातातून सोडली नाही. गाडीबाहेर बायका गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होत्या. त्यातली एक पोटुशी होती. वाकायची, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, पुन्हा वाकायची.

अशा बाईच्या विश्रांतीचा प्रश्न कायद्यासमोर जुनाच आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, हे त्यांचं म्हणणं. 1929 मध्ये कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायकांसाठी. 1961 मध्ये देशाचा कायदा आला, 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली.

आता आपल्या बीडच्या ऊसतोडीकडे या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. आगाऊ उचल घेतली की हंगामभर बांधलेले. खाडा पडला की पैसे कापले जातात. त्या बाईला 26 आठवडे कोणी द्यायचे? तिचा मालक कोण? मुकादम, वाहतूकदार की साखर कारखाना? हिशेबात तर तिचं स्वतंत्र नावही नसतं, कोयता नवऱ्याच्या नावावर. खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याची चर्चा झाली, 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांनाही प्रसूती लाभ मिळतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिला. तिथे मालक समोर होता. इथे तो शोधावा लागतो, आणि माझ्या मते प्रबंध तिथेच आहे.

ग्रंथालयात बसून निवाड्यांची जंत्री करू नका. उचलीचे कागद मिळवा, मुकादमाची वही बघायला मागा, बायकांशी बोला.  गळीत हंगाम चालू असताना सुट्टीत उसाच्या फडावर जा. मुलींनो, तुम्ही आधी जा. त्या बायका तुमच्याशी बोलतील.