लोकसेवक आणि सुप्त पूर्वग्रह



गावात रात्री घरफोडी झाली, तर तपासाची पहिली पावले कोठे वळतात? प्रश्न साधा आहे. परंतु अनेक ठिकाणी त्याचे उत्तर आधीच ठरून गेलेले असते. घटनास्थळाचा पंचनामा पुरा होण्यापूर्वीच गावाबाहेरील पालांकडे बोट दाखविले जाते. बोट दाखविणारा मनुष्य मुद्दाम खोटे बोलत असतो असे नाही. तपासाला निघालेला अंमलदारही कोणाचे वाईट चिंतीत नसतो. आपण अनुभवाला धरूनच वागत आहोत, असे दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत असते. हेतूत दोष नसतानाही माणसाच्या हातून अन्याय घडविणारी ही जी मनाची सवय, तिलाच सुप्त पूर्वग्रह म्हणतात. पोलीस, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा सर्व लोकसेवकांच्या प्रशिक्षणात या विषयाला स्थान का असावे आणि ते प्रशिक्षण कोणत्या प्रकारचे असावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कायद्याने लावलेली सवय

ही सवय आपोआप जडलेली नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, या समजुतीला राजमुद्रा मिळाली. पुढे १९११ व १९२४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था अधिक व्यापक व पक्की झाली. व्यक्तीने काय केले यापेक्षा ती कोणाच्या पोटी जन्मली, हाच संशयाचा आधार ठरला. हजेरी द्यावी लागे; परवान्यावाचून हद्द ओलांडता येत नसे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. या जमाती मात्र कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणूनच त्यांना विमुक्त जमाती हे नाव मिळाले.

कायदा रद्द झाला, कुंपण निघाले. परंतु नोंदवहीची रीत आणि बोलण्यातील शब्द तसेच राहिले. 'सराईत', 'त्या वस्तीतले', 'त्यांचा धंदाच तो' असे शब्द एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सहज जात राहिले. नव्याने भरती झालेला शिपाई ते कायद्याच्या पुस्तकातून शिकत नाही. ठाण्यातील जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून शिकतो.

अनुभव आणि पूर्वग्रह

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पोलिसांची ही धारणा पूर्वग्रह नसून वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, असे सांगितले जाते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. कमी मनुष्यबळ, वरिष्ठांचा तगादा आणि गावकऱ्यांचा रोष यांच्या कैचीत सापडलेल्या अंमलदाराला अनुभवाचाच आधार असतो. तथापि अनुभव आणि पूर्वग्रह यांत एक स्पष्ट भेद आहे. अनुभव विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट कृतीविषयी बोलतो आणि तो पडताळून पाहता येतो. पूर्वग्रह समूहाविषयी बोलतो आणि पडताळणीची गरजच त्याला वाटत नाही.

शिवाय पूर्वग्रह स्वतःसाठी पुरावा निर्माण करतो. प्रत्येक चोरीनंतर झडती एकाच वस्तीची होत असेल, तर जे काही सापडावयाचे ते त्याच वस्तीत सापडणार. ज्या घरांची झडती कधी झालीच नाही, तेथे काही सापडण्याचा प्रश्नच येत नाही. अशा रीतीने नोंदवहीत त्याच वस्तीतील नावे वाढत जातात आणि पुढच्या वेळी तीच नोंदवही संशयाचे कारण म्हणून पुढे केली जाते. या फेऱ्यात खरा गुन्हेगार अनेकदा निसटतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातीलच एक खटला या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. २००३ साली घडलेल्या दरोडा, बलात्कार व खुनाच्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांवर आरोप ठेवण्यात आले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरविली. पुढे तेच प्रकरण पुनर्विचारासाठी आले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. प्रत्यक्ष साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांविषयी तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. आरोपी भटक्या जमातींतील, समाजाच्या तळच्या थरातील गरीब मजूर होते, याचा निकालपत्रात उल्लेख आहे. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेण्याचा आदेशही झाला. सोळा वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही. ज्या कुटुंबावर तो अत्याचार झाला, त्यालाही न्याय मिळाला नाही. तपासाची दिशा चुकली म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे कशी उद्ध्वस्त होतात, याचे हे उदाहरण होय.

शाळा व कचेरी

हा दोष केवळ पोलीस ठाण्यापुरता नाही. उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कोडी सोडवावयास दिली होती. जात उघड केली नव्हती तेव्हा दलित व सवर्ण मुलांच्या यशात फारसा फरक नव्हता. सर्वांसमक्ष जात पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांचे यश घसरले. म्हणजे केवळ एका घोषणेने मुलाची बुद्धी आखडते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उत्तरपत्रिकांवर मुद्दाम बदलून जात नोंदविली होती. कनिष्ठ मानलेल्या जातींच्या नावावरील उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले. विशेष म्हणजे हा फरक त्याच जातींतील शिक्षकांच्या तपासणीत आढळला. यावरून पूर्वग्रह म्हणजे शत्रुत्व नव्हे, हे स्पष्ट होते. समाजाने जे सतत ऐकविले, ते ज्याच्याविषयी ऐकविले त्याच्याही मनात मुरलेले असते. म्हणूनच या प्रशिक्षणात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

केवळ व्याख्यान पुरेसे नाही

अशा प्रशिक्षणाचा परदेशांतील अनुभव लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत २०१६ साली तेथील न्याय विभागाने आपल्या तपास अधिकाऱ्यांना व वकिलांना हे प्रशिक्षण देण्याचा निर्णय घेतला. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांना २०१८ पासून ते देण्यात आले. त्याच्या मूल्यमापनाचा अहवाल २०२० साली आला. पोलिसांची या विषयाची जाण वाढली होती. परंतु माणसे अडविणे, अटक करणे यांतील वांशिक तफावत त्यामुळे घटल्याचे दिसून आले नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या शासनानेही आपल्या मुलकी सेवेतील असे प्रशिक्षण हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा घेणे चुकीचे ठरेल. एका दिवसाच्या व्याख्यानाने मन बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मन बदलेपर्यंत वाट न पाहता काम करण्याची पद्धत बदलली, तर फळ मिळते. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांचा समावेश असलेला एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. काही ठाण्यांत महिलांसाठी स्वतंत्र मदत कक्ष, नेमलेला अधिकारी, ठरलेली कार्यपद्धती आणि प्रशिक्षण अशी एकत्रित व्यवस्था करण्यात आली. तेथे महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. गुन्हे दाखल होण्यातील वाढ प्रामुख्याने जेथे कक्षाचा कारभार महिला अधिकाऱ्यांकडे होता तेथे दिसली. प्रशिक्षणाला कार्यपद्धतीची जोड हवी, हा त्यातील बोध होय.

लेखणी टेकण्यापूर्वी

पूर्वग्रह काम करतो तो घाईच्या क्षणी. म्हणून त्या क्षणी एक थांबा निर्माण करणे, हेच प्रशिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट असावे. वर्गात एकच फिर्याद दोन वेगळ्या आडनावांनी वाटावी आणि प्रत्येकाने काय कारवाई केली असती, ते लिहून घ्यावे. उत्तरांतील फरक पाहिला, की निराळे व्याख्यान लागत नाही.

ठाण्यात संशयिताचे नाव लिहिताना कारणही लिहावे आणि ते त्या व्यक्तीच्या कृतीशी निगडित असावे. जात, वस्ती वा पेहराव हे कारण होऊ शकत नाही. फिर्यादी कोणीही असो, पहिले प्रश्न तेच असावेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास तो नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलेच आहे. केवळ मागास वा दुर्बल समाजात जन्मला म्हणून निरपराध व्यक्तीचे नाव गुन्हेगारांच्या इतिहासपत्रकात यांत्रिकपणे येऊ नये, असेही त्या न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. जुन्या नोंदींची वरिष्ठांनी ठराविक काळाने फेरतपासणी करावी, हे त्यातूनच ओघाने येते.

शाळेत उत्तरपत्रिका नावे झाकून तपासता येतात; जातीची माहिती वर्गात पुकारून न विचारता दप्तरातून घेता येते. ग्रामपंचायतीत अर्ज क्रमवारीने नोंदविता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावे लागते. पालावरील मनुष्य दाखल्यासाठी आला असता त्याला 'उद्या या' असे तोंडी सांगून परत पाठविणे जेवढे सोपे, तेवढे ते कागदावर लिहिणे सोपे नाही. लेखी कारण देण्याच्या सक्तीचे खरे सामर्थ्य यातच आहे.

या उपायांना फार मोठा खर्च नाही. त्यासाठी लागते ती स्वतःच्या पहिल्या विचारावर क्षणभर शंका घेण्याची तयारी. एके काळी शासनाच्या लेखणीने काही माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. कायद्यातील ते शब्द १९५२ साली पुसले गेले. दप्तरातून आणि मनातून ते पुसण्याचे काम आज ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्या प्रत्येक लोकसेवकाचे आहे.