लिंबूटिंबूची शर्यत

‘मोस्ट वाँटेड’ या खेळाचे गुणदोष सांगाल का, असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. मनात विचार असा, की गुण भराभर उरकावेत आणि उरलेला सगळा वेळ एका दोषाला द्यावा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी शाळेच्या मैदानावर शिट्टी तोंडात धरून नोकरी केलेला माणूस. खेळ मातीतला असो की पडद्यावरचा, माझी नजर आधी गुणफलकाकडे जाते. कोण किती जोरात पळालं ते नंतर बघू. जे पळालं ते धरलं गेलं का, ते आधी सांगा.

त्या नावाचे खेळ दोन आहेत. २०१२ साली क्रायटेरियनने काढलेला दुसरा. त्याच्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. मी बोलतोय तो २००५ च्या नोव्हेंबरात आलेला, कॅनडातल्या ईए ब्लॅक बॉक्सने केलेला ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’. रॉकपोर्ट शहर, पंधरा जणांची ब्लॅकलिस्ट, तळाला सनी, आणि आपलीच बीएमडब्ल्यू दगाबाजीने हिसकावून पहिल्या नंबरावर जाऊन बसलेला रेझर. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या खोल्यांत ज्यांनी रात्री जागवून हा खेळ खेळला, ते आता चाळिशीच्या आसपास असतील. त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगत बसत नाही.

तर गुण. पहिला गुण पोलिसांचा पाठलाग. या मालिकेत पोलीस आधीही होते, १९९८ च्या ‘हॉट पर्सूट’मध्ये तर चांगलेच होते. पण इथला पाठलाग रंगतो तसा तो त्याआधी कधी रंगला नव्हता. आणि रेडिओवरून बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो, त्याची अर्धी मजा कानाला आहे. पोलिसांचा वायरलेस सारखा चालू असतो. तुमच्या गाडीचा रंग सांगतात, कुठल्या रस्त्याला लागलात ते सांगतात, जादा कुमक मागवतात, पुढे नाकाबंदी लावायचं ठरवतात. आपण सुसाट निघालेलो असतो आणि आपलंच वर्णन आपल्या कानावर पडत असतं. नाकाबंदीचं ऐकलं की हुशार खेळाडू पुढचं वळण यायच्या आत आडवा रस्ता शोधतो. आवाज बंद करून, मोबाइलवरची गाणी लावून खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. अरे बाबांनो, अर्धा खेळ तुम्ही घराबाहेर ठेवलात!

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मागे चार गाड्या. समोरून ऱ्हायनो, म्हणजे त्या दांडग्या एसयूव्ही, सरळ अंगावर येतायत. पडद्याच्या खालच्या पट्टीतला लाल रंग भरत चाललाय. गाडी मंदावली आणि वेढली गेली की तो भरतो, आणि पुरता भरला की तुम्ही पकडले गेलात. अशात कडेला डोनटचं दुकान येतं, वर भलामोठा डोनट बसवलेला. काळ मंद करायचं बटण दाबायचं, गाडी अलगद आत घालायची, आधाराला धक्का देऊन निसटायचं, की मागे तो अगडबंब डोनट पोलिसांच्या गाड्यांवर कोसळलाच. पाण्याची टाकी आहे, पेट्रोल पंप आहे, असे सापळे गावभर आहेत. ज्याने कोणी हे योजलं त्याला मी उभं राहून टाळ्या वाजवीन.

आणि या पाठलागात हिशेब कसा चोख आहे बघा. हीटचा आकडा पडद्यावर दिसतो. तो वाढला की पोलीस तापणार, गाड्या तगड्या येणार, रस्त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या पडणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक. किती पोलीसगाड्या मोडल्या, सरकारचं किती नुकसान केलं, डोक्यावर इनाम किती चढलं, सगळं मांडलेलं. पकडले गेलात तर दंड, वारंवार पकडले गेलात तर गाडी जप्त. पंच म्हणून माझी काही हरकत नाही.

बाकीचे गुण पळत सांगतो. फियाट पुंटो किंवा गोल्फसारख्या साध्या गाडीपासून सुरुवात करून पुढे लँबॉर्गिनीपर्यंत जायचं, ती चढण छान बेतली आहे. ब्लॅकलिस्टवरच्या गड्याला हरवलं की बक्षिसाच्या चिठ्ठ्यांमधून दोन उचलायच्या; त्यात त्याच्या गाडीचे कागद निघाले तर सोन्याहून पिवळं. शहर पानगळीतलं, तांबूस-पिवळं. तो पिवळेपणा जरा जास्तच झालाय, चष्म्याला हळद लागल्यागत, पण ते असू दे.

आता दोष. खेळणारे त्याला रबर बँडिंग म्हणतात. तुम्ही पुढे गेलात की मागच्या गाड्या अचानक तेज होतात. तुम्ही मागे पडलात की पुढच्या गाड्या रेंगाळतात. यंत्र सतत तुमच्या आणि त्यांच्या गाडीतलं अंतर मोजत असतं आणि त्या अंतरावरून त्यांचा वेग ठरवत असतं. त्यांच्या गाडीचं इंजिन काय, चालवणारा कसा, हे सगळं बाजूला. तुम्ही कुठे आहात, यावर ते किती पळणार ते ठरतं.

आपल्या अंगणात लिंबूटिंबू असायचा, आठवतोय? पकडापकडी चालली आहे, कुणाचा तरी धाकटा भाऊ रडत आला, आई दारातून ओरडली, ‘त्यालाही घ्या रे!’ मग तो लिंबूटिंबू. त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. लंगडीत त्याचा पाय टेकला तरी कुणी आउट म्हणत नाही. फार दयाळू व्यवस्था. पण तिची दुसरी बाजू लक्षात घ्या. लिंबूटिंबूने कुणाला शिवलं, तर तेही धरत नाहीत. तो जिवाच्या आकांताने पळून मोठ्या मुलाच्या पाठीत धपाटा घालतो आणि मोठा मुलगा हसून पुढे जातो. त्याची चूकही खेळात नाही आणि त्याची कमाईही खेळात नाही.

श्रोतेहो, ‘मोस्ट वाँटेड’मध्ये तुम्ही लिंबूटिंबू आहात. पंधराव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत, सगळ्या शर्यतीभर.

घरी खेळ असेल तर स्वतः करून बघा. तीन फेऱ्यांची शर्यत घ्या. पहिल्या फेरीत गाडी कठड्याला लावून थोडं थांबा. प्रतिस्पर्धी दिसेनासे होतील. मग निघा, नेहमीसारखी चालवा. थोड्या वेळाने त्यांचे दिवे पुन्हा दिसायला लागतात. तुम्हाला वाटतं, वा, काय भरून काढलं मी! तुम्ही काही भरून काढलं नाही. ते थांबलेत तुमच्यासाठी. आता उलट करा. पहिल्या दोन फेऱ्या जीव तोडून चालवा, एक वळण चुकवू नका, कुठे घासू नका. नकाशावरचे त्यांचे ठिपके मागे जातील, आणि एका मर्यादेनंतर जाणार नाहीत. मग तिसऱ्या फेरीत, शेवट दिसत असताना, आडव्या येणाऱ्या एका टॅक्सीला नुसता आरसा लागू द्या. सर्रकन दोघं बाजूने निघून जातात. दोन फेऱ्यांची कमाई गेली कुठे? कुठेच गेली नाही, ती जमाच झाली नव्हती.

हा मुद्दा निसटायला नको म्हणून पुन्हा सांगतो. खेळ अवघड आहे, अशी माझी तक्रार नाही. अवघड असू दे, हरलो तर हरू. सोपा आहे, अशीही तक्रार नाही. जे केलं ते धरलं जात नाही, ही तक्रार आहे. शर्यत म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची बेरीज. इथे बेरीज शेवटच्या वळणापाशी सुरू होते.

याचा परिणाम काय होतो, तर पोरं शहाणी होतात. माझ्या भाच्याने मला जो मंत्र दिला तो ऐका. ‘मामा, सुरुवातीला उगाच दमू नका. बरोबर राहा. नायट्रो वाचवा आणि शेवटी सगळा सोडा.’ म्हणजे खेळाने त्याला काय शिकवलं? आधी केलेली मेहनत वाया जाते. मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण तो खेळ बरोबर ओळखून बसला होता. रागवायचं तर ज्यांनी हे केलं त्यांच्यावर रागवायला हवं. आणि एकट्या याच खेळात हे आहे असंही नाही. पडद्यावरच्या शर्यतींमध्ये ही खोड जुनी आहे.

त्यांची बाजूही मांडतो, एकतर्फी निकाल मी कधी दिला नाही. खेळ करणाऱ्याची अडचण खरी आहे. तुम्ही कुठली गाडी घेऊन येणार, तिच्यावर किती खर्च केलेला असणार, तुमचा हात किती बसलेला असणार, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. आणि दोन गाड्यांमध्ये अर्धा मैल अंतर पडलं की शर्यत संपली. उरतो तो रिकाम्या रस्त्यावरचा फेरफटका. मुलगा कंटाळतो आणि खेळ बंद करतो. त्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बांधून ठेवलं तर शेवटपर्यंत छाती धडधडत राहते. हे मला मान्य आहे. आई दारातून ओरडते तेव्हा तिचीही अडचण खरीच असते.

पण अंगणात आम्ही एक गोष्ट करायचो. सगळ्यांच्या देखत सांगायचो, ‘हा लिंबूटिंबू.’ त्यालाही सांगायचो. चोरून कुणी कुणाला लिंबूटिंबू केलं नाही. ‘मोस्ट वाँटेड’ तुम्हाला सांगत नाही. तो तुम्हाला शहरातला अव्वल चालक म्हणतो, आणि पाठीमागे बाकीच्यांना डोळा मारतो.

निन्टेन्डोचा ‘मारिओ कार्ट’ घ्या. १९९२ पासूनचा खेळ, लहान मुलांचा म्हणून आपण हसतो. त्यात मागे पडलेल्याला जास्त दणकट हत्यारं मिळतात. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’पासून तर ते काटेरी निळं कवच आहे, ते शोधत शोधत पहिल्या नंबरवाल्याला जाऊन बसतं. अन्याय आहे का? आहे. पण उघड आहे! कवच येताना दिसतं, कुणी सोडलं ते कळतं, आणि खोलीत जे चार जण बसलेत ते एकमेकांच्या नावाने शंख करतात. मागच्याला मदत आहे, हे सगळ्यांना ठाऊक असून सगळे खेळायला बसलेत. तिथे लिंबूटिंबू कोण ते ठरलेलं आहे आणि दर फेरीला बदलतं. मला तो खेळ जास्त प्रामाणिक वाटतो. हसा खुशाल.

काचेपलीकडून हात वर झालाय, म्हणजे वेळ संपत आली. गाड्यांच्या सजावटीबद्दल सांगायचं होतं, ड्रॅग शर्यतीत गिअर हाताने टाकावे लागतात त्याबद्दलही, ते राहू दे. सोनीच्या ‘ग्रान तुरिस्मो’त लायसन्सच्या परीक्षा असतात, तिथे नुसतं घड्याळ आणि तुम्ही, त्यावरून मला एक तुलना... नको, तेही राहू दे.

टोलबूथ मात्र सांगणारच. ‘मोस्ट वाँटेड’मध्येच टोलबूथ नावाची शर्यत आहे आणि बरीच मुलं ती कंटाळवाणी म्हणून कशीबशी उरकतात. तिथे प्रतिस्पर्धी नाही. एका टोलनाक्यापासून दुसऱ्यापर्यंत ठरावीक वेळात पोचायचं. आधीच्या टप्प्यात वाचवलेला वेळ पुढच्या टप्प्याला जोडून मिळतो. पुन्हा सांगतो, वाचवलेला वेळ पुढे जोडून मिळतो! पहिल्याच वळणावर राखलेला अर्धा सेकंद शेवटच्या नाक्याला तुमच्या खात्यात असतो. ज्यांनी रबर बँडिंग केलं त्याच लोकांनी हेही केलं, म्हणजे त्यांना येत नव्हतं असं नाही. तेव्हा मुलांनो, आणि चाळिशीतल्या मुलांनो, पुन्हा हा खेळ लावलात तर टोलबूथ टाळू नका. आणि घरात धाकट्यांना शिकवत असाल तर त्यांना आधी तिथे बसवा, रेझर नंतर.

आता कुणीतरी मनात म्हणत असेल, की मास्तर, पोलिसांच्या गाड्याही मागून अशाच जादूने येतात, त्यांना बरं टाळ्या वाजवल्यात! प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की पोलिसांनी तुमच्याशी शर्यत लावलेलीच नाही, त्यांना कुठे पहिलं यायचंय, त्यांचं काम तुम्हाला अडवणं, आणि अडवणाऱ्याला जो नियम लावायचा तो धावणाऱ्याला लावता येत नाही, कारण खो-खोतसुद्धा... बरं, बरं. दार उघडून आतच आले. थांबतो. नमस्कार.