स्त्रीआरोग्याचा एक दुर्लक्षित पैलू : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू



खोकला आला, शिंक आली, हसू आवरले नाही की नकळत लघवीचे थेंब जातात, ही तक्रार असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे मनातच ठेवतात. मग हळूहळू लांबचा प्रवास टळतो, लग्नसमारंभात पाणी पिणे कमी होते, प्रवचनाला दाराजवळची जागा शोधली जाते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारावे, तर ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ असे उत्तर मिळते. कारण तिनेही तेच मुकाट्याने सोसलेले असते. हा त्रास पुष्कळ जणींना होतो हे खरे, पण तो अटळ आहे हे खरे नाही. बहुतेकींच्या बाबतीत तो योग्य व्यायामाने कमी होतो आणि कित्येकींचा पूर्ण थांबतो.

पुढे जांघेमधले हाड आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंची एक झोळी पसरलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते आणि मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदद्वार आवळून धरण्याचे कामही करते. कापडाची झोळी एकदा ताणून ढिली पडली की पूर्ववत होत नाही, हे कापडाच्या व्यवहारातील कोणीही सांगेल. स्नायूंची झोळी मात्र जिवंत असते. दंडाच्या स्नायूप्रमाणे तिलाही व्यायामाने पुन्हा बळ येते. या विषयातील बरीचशी फिजिओथेरपी याच भेदावर उभी आहे.

लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि स्नायूंचा दाब मोजणारे एक उपकरणही वापरात आणले. आज जगभर हे व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखले जातात. हठयोगप्रदीपिकेतील मूलबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. मात्र साधना आणि उपचार यांचे हेतू भिन्न आहेत. शिवाय हा व्यायाम केवळ ऐकून सर्वांनाच जमतो असे नाही. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देण्यात आल्या, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींनाच तो उत्तम जमला. चौघींपैकी एक तर वर ओढून घेण्याऐवजी अशा रीतीने जोर लावत होती की त्याने त्रास वाढण्याचाच संभव होता. म्हणूनच या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी तपासून घेणे अगत्याचे ठरते. तपासणीला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. संमतीवाचून ती केली जात नाही आणि बहुधा स्त्री फिजिओथेरपिस्ट मिळू शकते.

व्यायामाची रीत अशी. निजून किंवा बसून, लघवी आणि वायू दोन्ही एकाच वेळी रोखून धरावेत तसे स्नायू आत व वर ओढायचे. श्वास रोखायचा नाही. मांड्या आणि कुल्ले आवळायचे नाहीत. सहा ते आठ सेकंद धरून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि हे निदान तीन महिने. लघवीला बसल्यावर धार मध्येच रोखून रोज व्यायाम करू नये. स्नायू ओळखण्यापुरते एखाद्या वेळी केले तर चालेल. याखेरीज खोकण्याच्या, शिंकण्याच्या वा कळशी उचलण्याच्या क्षणापूर्वी हे स्नायू आवळण्याची सवय लावावी. काही जणींना या युक्तीने आठवडाभरातच फरक जाणवतो.

सर्वांत मोलाचा काळ गरोदरपणाचा. पूर्वी त्रास नसलेल्या स्त्रियांनी गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हे व्यायाम केले तर अखेरच्या महिन्यांत लघवी गळण्याचा संभव निम्म्याहूनही कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. बाळंतपणात हे स्नायू कमालीचे ताणले जातात, कधी फाटतात. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू हे सारे मायेने मिळते. पण या स्नायूंची विचारपूस कोणी करीत नाही. पोट बांधण्याची चाल आहेच. ते फार आवळून बांधले तर पोटातील दाब खाली याच स्नायूंवर येतो, हे ध्यानात घ्यावे. टाके दुखेनासे झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य व्यायाम सुरू करता येतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तरी नऊ महिन्यांचा भार स्नायूंनी वाहिलेलाच असतो, तेव्हा त्या भगिनींनीही तो टाळू नये. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या उपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. एखाद्या समाजाने ठरवले तर काय होऊ शकते याचे ते उदाहरण आहे.

मुलींचा प्रश्न निराळा. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून दिवसभर लघवी रोखणे आणि पाणी न पिणे या सवयी तेथूनच जडतात, आणि बद्धकोष्ठात सतत कुंथण्याने स्नायूंवर ताण येतो. काही तरुणींचे स्नायू उलट अतिशय आवळलेले असतात. त्यामुळे वेदना होतात, वैवाहिक जीवनातही क्लेश होतो. अशा वेळी केगेलचे व्यायाम हितकर नव्हेत; तेथे स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण द्यावे लागते. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही ते असे.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घटतात, ऊती पातळ व कोरड्या होतात आणि जुना अशक्तपणा उघडा पडतो. ओटीपोटात जडपणा, योनिमार्गातून काही खाली उतरल्यासारखे वाटणे, म्हणजे बोली भाषेत अंग बाहेर येणे, याची लाज धरून दवाखाना टाळणाऱ्या स्त्रिया खेड्यांत आणि शहरांत सारख्याच आहेत. प्रारंभीच्या अवस्थेत व्यायामाने आराम पडतो. पुढे आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. लघवीतून रक्त जाणे, जळजळ किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होत असल्यास मात्र व्यायामाच्या भरवशावर न राहता प्रथम डॉक्टरांना गाठावे.

उतारवयात घाईची लघवी हा त्रास अधिक. रात्री अंधारात लगबगीने उठताना पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. लघवीचे दुखणे अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन पोहोचते ते असे. खोलीतील मंद दिवा, कोरडी फरशी, आणि दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवत नेण्याचा सराव यांचा येथे उपयोग होतो. कमोडवर शौचाला बसताना पायांखाली छोटा पाट घेतला तर कुंथावे लागत नाही.

पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्ट बहुधा किती पाणी प्यायले जाते, किती वेळा आणि किती लघवी होते, केव्हा गळते, हे विचारतात. तीन दिवसांची ही नोंद वेळेसह एका वहीत लिहून नेली तर ती भेट वाया जात नाही.