विजेच्या कामाचा परवाना आणि सहीची जबाबदारी



घरी वीज घ्यायची ठरली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘दिवा कधी लागणार?’ दिवा लागला की काम झाले असे आपण समजतो. पण दिवा लावणे हे या धंद्यातले सर्वांत सोपे काम आहे. दोन तारा जोडल्या की दिवा लागतो. तो वाकबगार कारागिराच्या हातून लागतो तसाच अडाण्याच्या हातूनही लागतो. दोघांतला फरक कळतो तो काही बिघडल्यावर. मोटारीची तार आत तुटून पेटीला चिकटली, पावसात भिंत ओली झाली, मुलाने उघड्या बटणाला हात लावला, तर त्या क्षणी माणूस वाचला पाहिजे. परवाना मागतात तो यासाठी.

पुष्कळ तरुण विचारतात, ‘विद्युत निरीक्षक व्हायचे तर कोणती परीक्षा द्यावी?’ इथे थोडी गल्लत होते. विद्युत निरीक्षक ही शासनाने केलेली नेमणूक आहे. १९१० च्या वीज कायद्यात हे पद होते आणि आजच्या २००३ च्या कायद्यात ते कलम १६२ खाली आहे. त्यासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि अनुभव लागतो. हा अधिकारी महावितरणचा नव्हे, हे नीट लक्षात घ्या. तो शासनाचा माणूस. वीज विकणाऱ्याचेही काम तो तपासतो आणि घेणाऱ्याचेही. विजेने माणूस किंवा जनावर दगावले, तर त्या अपघाताची चौकशी कलम १६१ प्रमाणे याच निरीक्षकाकडे सोपवता येते. तारेला चिकटून म्हैस मेली तरी त्याची खबर द्यावी लागते, ती यामुळेच.

मग खेड्यातल्या मुलाने काय करावे? त्याच्यासाठी खालून वर जाणारी वाट आहे. तिच्यात तीन कागद आहेत. पहिला तारतंत्री परवाना, म्हणजे हाताने काम करणाऱ्याचा. दुसरा पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र, म्हणजे काम नजरेखाली करून घेणाऱ्याचा. तिसरा विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती, म्हणजे कामाची जबाबदारी अंगावर घेणाऱ्याचा. १९५६ च्या नियमांत ४५ वा नियम होता, तोच अर्थ आजच्या सुरक्षा नियमांतही कायम आहे: घर, पंप, गिरणी यांचे वीजजोडणीचे काम अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारक कारागिराकडून करून घ्यायचे.

तारतंत्री व्हायचे तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, तारतंत्री किंवा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करावी. पर्यवेक्षकासाठी शिक्षणाची आणि अनुभवाची अट वरची आहे. पदविका झालेल्याला ती वाट जवळची पडते. शुल्क, अर्जाचा नमुना, परीक्षेच्या तारखा या गोष्टी बदलत असतात. त्या गावातल्या ऐकीव माहितीवर ठरवू नयेत. विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात विचाराव्यात. पैसे घेऊन ‘परवाना काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारी मात्र जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा सांगतो. विद्युत निरीक्षक प्रत्येक घरी येत नाही. येणे शक्यही नाही. मोठ्या दाबाची जोडणी, रोहित्रे, कारखाने हे त्याचे मुख्य क्षेत्र. शासनाने ठरवून दिलेल्या दाबाच्या खालची जोडणी मालकाने तपासून घेऊन स्वतः प्रमाणित करायची असते. त्या कामासाठी २०१८ साली नियमांत ‘चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंता’ अशी एक नवी पायरीही आली. पण तुमच्या घराचे किंवा विहिरीवरच्या पंपाचे काय? नवी जोडणी मागताना ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. बहुतेक घरांच्या बाबतीत पहिली आणि शेवटची तपासणी ती हीच. म्हणजे सही करणारा माणूस हाच त्या घराचा निरीक्षक झाला म्हणा ना!

ती सही करण्यापूर्वी त्याने काय पाहायचे? पहिले, बटण फेजच्या तारेवर आहे की न्यूट्रलवर. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही दिव्याच्या होल्डरात वीज राहते. दुसरे, तारांवरच्या आवरणाची ताकद. त्यासाठी मेगर नावाचे यंत्र लावतात. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन तारा आणि जमीन यांच्यातला रोध किमान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम भरला पाहिजे. तिसरे, आणि खेड्यात सर्वांत दुर्लक्षित, ते अर्थिंग.

अर्थिंगची तार जमिनीत गेली म्हणजे भागले असे नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि त्याचा रोध २० ओहम झाला असे धरू. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला फेज चिकटला. दाब २३० व्होल्ट. २३० भागिले २०, म्हणजे जमिनीत फार तर साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. फ्यूज १५ अँपिअरची असेल तर ती वितळणारच नाही! मोटार फिरत राहील, पाणी पडत राहील, आणि ओल्या पायांनी पेटीला हात लावणारा माणूस धोक्यात राहील. त्यात वितळलेल्या फ्यूजच्या जागी कोणी जाड तार पिळून बसवली असेल, तर उरलासुरला बचावही संपला.

माणसाला मारायला वीज लागते किती? ६० वॉटचा साधा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या अंगातून १० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की पकडलेली वस्तू हातातून सोडता येईनाशी होते. ५० ते १०० च्या घरात गेला तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. म्हणून नुसत्या फ्यूजवर विसंबू नये. गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात, तो घरासाठी ३० मिलिअँपिअरचा बसवावा आणि त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. हे काम घरातले कोणीही करू शकते.

हे सारे परवाना घेणाऱ्याला शिकवलेले असते. तरी या धंद्यात एक वाईट चाल आहे, ती उसन्या सहीची. काम करणारा एक, परवाना दुसऱ्याचा, आणि सही करणाऱ्याने घर पाहिलेलेही नसते. चार पैसे मिळतात. पण ती सही म्हणजे ‘हे घर मी तपासले आहे’ असे वचन असते. ज्या घराचे वचन दिले त्या घरात लहान मुले वावरतात.

तेव्हा घरमालकांनो, काम सांगताना परवाना पाहा आणि अहवालावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी मेगरचा आकडा विचारा. अर्थिंग कुठे केले ते डोळ्यांनी पाहा. शिक्षकांनो, शाळेच्या जोडणीची तपासणी कधी झाली, हे आधी शोधून काढा. आणि या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांनो, परवाना जरूर मिळवा. त्याने पोट भरते, मानही मिळतो. मग काम संपल्यावर, दिवा लागलेला असला तरी, पुन्हा एकदा मेगर लावा. आकडा कमी आला तर सही करू नका. मालक रागावला तरी चालेल.