हाताला अर्धा तास द्या

(शारजा येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर चहा घेताना मला विचारले गेले, "तुम्ही दवाखान्यात नक्की काय मोजता?" तेव्हा उत्तर देता आले नाही. आज ते देतो, आणि त्यासोबत माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो.

भाजीची जड पिशवी बोटांवर अडकवून तुम्ही तीन मजले चढता. पिशवी खाली ठेवली की बोटे आधी पांढुरकी दिसतात, मग गरम होतात. अडवलेले रक्त मोकळे झाले की ते नेहमीपेक्षा जास्त जोराने धावते. त्याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपरेमिया म्हणतात. आपण त्याला उधारी फेडणे म्हणू. रक्त थांबते तेव्हा त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. वाट मोकळी होताच त्या रुंदावलेल्या वाहिन्यांतून लोंढा येतो आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. वाहिन्या आखडलेल्या असतील, तर हा लोंढा मंद येतो. म्हणजे वाहिनीची खरी परीक्षा आरामात होत नाही, अडचणीत होते.

लंडनचे थॉमस लुईस यांनी त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर १९२७ साली पुस्तक लिहिले. त्यांचे बरेचसे निरीक्षण डोळ्यांनी केलेले होते: त्वचा किती लाल झाली आणि किती वेळ राहिली. गोऱ्या कातडीवर हे जमते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसत नाही. १९७५ मध्ये मायकेल स्टर्न यांनी 'नेचर'मध्ये लेसरने हा प्रवाह मोजण्याची पद्धत मांडली. मंद लेसर त्वचेत सोडायचा. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, त्यावरून प्रवाहाचा अंदाज येतो. हा किरण साधारण एक मिलिमीटर खोलवर जातो.

चाचणी साधी आहे. हातावर लेसरचा छोटा सेन्सर चिकटवायचा. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त फुगवायचा, तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवायचा आणि झटकन सोडायचा. पडद्यावरची रेषा आधी तळाला जाते, मग उसळते. तळाला गेली तरी ती अगदी शून्यावर येत नाही. प्रवाह थांबला तरी पेशींची सूक्ष्म थरथर चालूच असते, तिला 'बायॉलॉजिकल झिरो' म्हणतात. सेन्सर काही मिलिमीटर सरकला तरी आकडा बदलतो. म्हणून आकड्यापेक्षा प्रमाण पाहायचे: उसळी मूळ प्रवाहाच्या किती पट झाली? माणसाची तुलना आधी त्याच्या स्वतःशी करायची.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका तपासणीत मी हे यंत्र चालवत होतो. कार्यालयातले कर्मचारी सकाळी यायचे, वातानुकूलित खोलीत वर्तमानपत्र वाचत अर्धा तास बसायचे आणि मग हात पुढे करायचे. बांधकामावरचे मजूर पाळी संपल्यावर बसने यायचे आणि बसची वेळ झाली म्हणून उतरल्या उतरल्या खुर्चीवर बसायचे. त्यांतला एक सोलापूरकडचा निघाला. माझे नाव वाचून मराठीत म्हणाला, "साहेब, अंग अजून तापलंय. जरा गार होऊ द्या की." मी म्हणालो, "दादा, बस जाईल तुमची." आणि पट्टा फुगवला.

निकाल आला: मजुरांच्या उसळीचे प्रमाण कमी. अहवालाच्या मसुद्यात लिहिले गेले की त्यांच्या रक्तवाहिन्यांची क्षमता घटलेली आहे. आलेख मीच काढला होता. त्या दादांचे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. उन्हातून आलेल्या माणसाची त्वचा उष्णता बाहेर टाकायला आधीच रक्ताने भरलेली असते. मूळ प्रवाहच वर चढलेला असेल, तर उसळीचे प्रमाण कमी दिसणारच. दोष वाहिन्यांत होता की आमच्या वेळापत्रकात?

जमले तेवढ्या जणांना मी पुन्हा बोलावले. या वेळी स्थिर तापमानाच्या खोलीत त्यांना अर्धा तास नुसते बसवले. बहुतेकांचा मूळ प्रवाह खाली आला आणि प्रमाण कार्यालयवाल्यांच्या आसपास गेले. मसुद्यातले ते वाक्य काढले गेले. ते राहिले असते, तर कोणाच्या तरी कामाच्या परवान्यावर त्याचे सावट पडू शकले असते.

या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करायला बंदी आहे. उन्हाचा शरीरावर परिणाम होतो हे कायद्याला कळते. ते मला, यंत्र हाताळणाऱ्याला, त्या दिवशी कळले नाही.

आपण विज्ञाननिष्ठ म्हणवतो. यंत्र तटस्थ असते असे आपण सहज म्हणतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की पल्स ऑक्सिमीटरमधून कृष्णवर्णीय रुग्णांची ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा सुटते. यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला कोणाची बोटे दाखवली गेली होती, हा प्रश्न होता.

शेवटी कामाचे. मधुमेहात बारीक वाहिन्यांवर परिणाम होतो, म्हणून ही चाचणी संशोधनाला उपयोगी आहे. पण ती माणसागणिक इतकी बदलते की एका आकड्यावरून कोणाचे निदान करू नये. कोणी 'मायक्रोसर्क्युलेशन' मोजून गादी किंवा चुंबकी पट्टा विकू लागला, तर एवढेच विचारा: मोजण्याआधी मला किती वेळ बसवले? घरी दंड आवळून प्रयोग करू नका. मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहा, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची नाडी व नायलॉनच्या धाग्याने संवेदना तपासून घ्या. यात महागडे काही नाही.

ते दादा पुन्हा भेटले नाहीत. दुसऱ्या तपासणीपूर्वीच ते गावी परतले होते. त्यांच्या नावापुढचा जुना आकडा मी खोडला, नवा लिहिता आला नाही.